पाश्चात्त्य चित्रकार समजून घ्यायचे आहेत? एकाच चित्रकारापासून सुरुवात करा

मने आणि मोने हे दोन वेगळे फ्रेंच चित्रकार, हे कळायला मला बरेच महिने लागले. चित्रकलेची आवड लहानपणापासून होती, पण युरोपातले चित्रकार म्हटलं की डोक्यात नुसती नावांची गर्दी व्हायची. मग एक जाडजूड पुस्तक आणलं आणि रेनेसाँ, बरोक, रोकोको, रोमँटिसिझम, इम्प्रेशनिझम, क्यूबिझम अशी यादी पाठ केली. प्रत्येक वादाची, म्हणजे कलाप्रवाहाची, चार वैशिष्ट्यं आणि तीन प्रतिनिधी चित्रकार तोंडावर होते. तरी अनोळखी चित्र समोर आलं की ते कुणाचं असेल, कधीचं असेल, काही म्हणजे काही सांगता यायचं नाही. पुढे एका संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. तिथे एका बैठकीत शंभराच्या वर स्लाइड दाखवत. घरी येईपर्यंत त्यातल्या दोनही आठवत नसत.

शेवटी सगळं बाजूला ठेवलं आणि वर्षभर एकाच माणसाची चित्रं बघितली, व्हिन्सेंट व्हॅन गॉगची. त्या एका वर्षात जे हाताला लागलं ते आधीच्या सगळ्या धडपडीत लागलं नव्हतं. त्याच्यामुळे फ्रेंच चित्रकार गोगँ आणि देगा, जपानी चित्रकार हिरोशिगे आपोआप ओळखीचे झाले आणि वादांची नावंही जागच्या जागी बसली. म्हणून नवीन माणसाला मी हीच वाट सुचवते. खाली ती टप्प्याटप्प्याने लिहिली आहे.

काय काय लागेल

- दोनशे पानी वही. शक्यतो कोऱ्या पानांची, म्हणजे रेखाटनं करता येतील.
- मोजायची टेप आणि कागदी चिकटपट्टी. कशासाठी, ते पुढे येईल.
- बारा रंगीत पेन्सिलींची पेटी. चित्र येत नसलं तरी हवी.
- युरोपचा साधा नकाशा.
- लॅपटॉप असेल तर उत्तम. फोनवर भागतं, पण मग त्यातला नाइट मोड आणि डोळ्यांसाठीचा पिवळा फिल्टर बंद करून बसा. ते चालू असले तर निळा रंग मळकट दिसतो आणि पांढऱ्याचा पिवळा होतो.

पुस्तकांवर एवढ्यात पैसे घालू नका. लागणारं जवळजवळ सगळं फुकट मिळतं.

१. चित्रकार निवडताना तीन गोष्टी तपासा

आवड तर हवीच, पण पहिल्या चित्रकाराच्या बाबतीत सोयही बघा. एक, त्याच्या बहुतेक चित्रांच्या तारखा माहीत असाव्यात. दोन, त्याने स्वतः लिहिलेलं काहीतरी उपलब्ध असावं. तीन, त्याची चित्रं संग्रहालयांनी मोठ्या आकारात मोफत खुली केलेली असावीत.

व्हॅन गॉग तिन्हींत बसतो. त्याची स्वतःची आठशेहून जास्त पत्रं शिल्लक आहेत, त्यातली बहुतेक धाकट्या भावाला, थिओला लिहिलेली. चित्रकार म्हणून त्याची कारकीर्द 1880 ते 1890 अशी जेमतेम दहा वर्षांची, त्यामुळे पसारा आवाक्यात राहतो. पिकासोपासून सुरुवात करू नका, असं मी आवर्जून सांगेन. तो 1973 पर्यंत जगला, सात-आठ वेळा शैली बदलली, आणि त्याच्या चित्रांवर अजून कॉपीराइट असल्यामुळे चांगल्या प्रतिमा सहज मिळत नाहीत. लिओनार्दोचंही पहिल्या फेरीत अवघड जातं, कारण त्याची खात्रीशीर चित्रं फार थोडी आहेत आणि त्यातल्या काहींवर अजून वाद चालू आहेत.

२. नावांचा घोळ आधी मिटवा

वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक चित्रकाराचं नाव देवनागरीत आणि त्याच्यासमोर रोमन स्पेलिंग लिहीत जा. मराठीत एकाच माणसाचं नाव चार प्रकारे लिहिलेलं सापडतं. व्हॅन गॉग, वान गॉग, फान खोख, व्हॅन गो ही सगळी एकच व्यक्ती. शोधताना कामाला येतं ते रोमन स्पेलिंग.

इथे दोन खड्डे आहेत. एदुआर मने (1832–1883) आणि क्लोद मोने (1840–1926) यांच्या आडनावांत रोमन लिपीत एकाच अक्षराचा फरक आहे. दोघं एकाच काळात, एकाच शहरात वावरले, त्यामुळे गल्लत होतेच. दुसरा खड्डा डच नावांचा. डच पद्धतीच्या सूचीत ‘व्हॅन’ हा शब्द मागे जातो आणि नाव ‘गॉग, व्हिन्सेंट व्हॅन’ असं लागतं. व्हीखाली सापडलं नाही तर जीखाली बघा.

३. आयुष्याचा एक पानी तक्ता करा

जन्मापासून मृत्यूपर्यंतचं चरित्र वाचत बसू नका. नकाशा समोर घ्या आणि माणूस कुठून कुठे गेला, एवढंच मांडा. व्हॅन गॉगचा तक्ता साधारण असा होतो:

- 30 मार्च 1853: नेदरलँड्समधल्या झुंडर्ट गावी जन्म, वडील धर्मोपदेशक. पुढे हेग, लंडन आणि पॅरिस इथे गूपिल या चित्रविक्रेत्या पेढीत नोकरी.
- 1879–80: बेल्जियमच्या बोरिनाज भागात, कोळसा खाणकामगारांमध्ये धर्मप्रचार. तो सुटला आणि चित्रकार व्हायचं ठरलं.
- डिसेंबर 1883 ते नोव्हेंबर 1885: न्यूनेन. काळपट, मातकट चित्रं.
- 1886 ते फेब्रुवारी 1888: पॅरिस, थिओच्या घरी.
- फेब्रुवारी 1888 ते मे 1889: दक्षिण फ्रान्समधलं आर्ल.
- मे 1889 ते मे 1890: सँ-रेमी इथलं मनोरुग्णालय.
- मे ते 29 जुलै 1890: ओव्हेर-स्युर-ऑइज, सुमारे सत्तर दिवस. वयाच्या सदतिसाव्या वर्षी मृत्यू.

आता प्रत्येक ओळीसमोर त्या काळातली दोन चित्रं लिहा. व्हॅन गॉगच्या बाबतीत गाव बदललं की रंग बदलतात, त्यामुळे हा तक्ता पुढे किल्लीसारखा वापरता येतो. चित्रात सरू आणि ऑलिव्हची झाडं आहेत म्हणजे बहुधा सँ-रेमी. तपकिरी अंधारात टोप्या घातलेल्या शेतकरणी आहेत म्हणजे न्यूनेन.

४. एक चित्र, अर्धा तास

बाकीचं काही जमलं नाही तरी हे मात्र कराच. ‘बेडरूम’ हे चित्र घ्या. ऑक्टोबर 1888, आर्ल, सध्या अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये.

आधी आकार. चित्राची उंची साधारण 72 सेंटिमीटर आणि रुंदी 91. टेप घ्या आणि घरातल्या भिंतीवर चिकटपट्टीने तेवढी चौकट आखा. स्क्रीनवर सगळी चित्रं एकाच मापाची दिसतात, आणि त्याने फार मोठा गैरसमज होतो. मोना लिसा 77 बाय 53 सेंटिमीटरची आहे आणि पिकासोचं ‘गेर्निका’ पावणेआठ मीटर रुंद. फोनवर दोन्ही तळहाताएवढी. भिंतीवर चौकट आखली की चित्रकाराचा हात केवढा फिरला असेल, ते अंगाला कळतं.

मग संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची प्रतिमा उघडा. गूगलच्या प्रतिमांत याच चित्राच्या वीस नकला वीस रंगांत दिसतील, त्यांवर विसंबू नका. घड्याळ लावा. पहिली दहा मिनिटं काहीही वाचू नका, फक्त दिसेल ते लिहा. माझ्या वहीत असं होतं: एक पलंग, दोन उशा, दोन खुर्च्या, छोट्या टेबलावर पाण्याचा जग आणि तस्त, एक आरसा, खिडकीची दारं जवळजवळ मिटलेली, उशाशी खुंट्यांवर कपडे. पलंगाच्या वर दोन व्यक्तिचित्रं. दोन दारं, एक डावीकडे, एक उजवीकडे. समोरची भिंत तिरकी. जमिनीवर कशाचीच सावली नाही.

सावली नाही हे मला सातव्या-आठव्या मिनिटाला दिसलं. त्याआधी हे चित्र मी पोस्टरवर, कपावर, कॅलेंडरवर कितीदा तरी पाहिलं असेल.

पुढची दहा मिनिटं रंगांची. पेन्सिली काढा आणि प्रत्येक वस्तूचा रंग वहीत लावून बघा. भिंतीला कुठली पेन्सिल घेतली? बहुतेक जण निळी घेतात. ती निवड लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे. शेवटची दहा मिनिटं चित्र जमेल तेवढं मोठं करून ब्रशचे फटकारे बघा. जमिनीवर रंग कुठल्या दिशेने ओढलाय, पलंगाच्या लाकडावर कुठल्या, चादरीवर थर किती जाड बसलाय.

५. आता पत्र उघडा

व्हॅन गॉगची सगळी उपलब्ध पत्रं मूळ मजकूर, इंग्रजी भाषांतर आणि टिपांसह ‘व्हॅन गॉग लेटर्स’ या संकेतस्थळावर मोफत आहेत. क्रमांक 705 चं पत्र काढा. 16 ऑक्टोबर 1888 ला थिओला लिहिलेलं, सोबत याच खोलीचं रेखाटन. त्यात तो एकेका वस्तूचा रंग सांगत जातो: जमीन लाल फरशीची, पलंग आणि खुर्च्या ताज्या लोण्यासारख्या पिवळ्या, पांघरूण लालभडक, तस्त निळं. आणि भिंती? फिकट जांभळ्या.

हे वाचून मी परत प्रतिमेकडे गेले. भिंती निळ्याच होत्या. मला वाटलं भाषांतर चुकलं असेल. भाषांतर बरोबर आहे. जांभळा रंग करताना त्याने निळ्यात जो लाल मिसळला तो उजेडाने उडून जाणारा होता. वर्षांनुवर्षांच्या प्रकाशात लाल निघून गेला, निळा तेवढा उरला. आपण आज बघतो ते चित्र त्याने रंगवलेल्या चित्रापेक्षा बरंच थंड आहे. जांभळ्याशेजारी पिवळा ठेवून त्याला जी जोडी साधायची होती, ती आता कल्पनेनेच बघावी लागते. वहीतल्या आपल्या रंगीत रेखाटनात भिंतीवर हलकी लाल पेन्सिल फिरवून बघा, पलंग एकदम उजळतो. मी ते पहिल्यांदा केलं तेव्हा बराच वेळ वही मिटवली नव्हती.

सावल्यांचं कोडंही त्याच पत्रात सुटतं. सावल्या मुद्दाम गाळल्या आणि जपानी छापचित्रांसारखे (लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांसारखे) सपाट रंग भरले, असं तो लिहितो. या चित्राकडे बघून डोक्याला विश्रांती मिळावी, ही त्याची इच्छा होती. भिंत तिरकी दिसते त्याचं कारण तर अगदी साधं आहे: त्या घराचा तो कोपराच काटकोनात नव्हता.

क्रम उलटा करू नका. आधी पत्र वाचलंत तर तुम्ही त्याच्या डोळ्यांनी बघाल आणि स्वतःला काय दिसलं असतं ते कायमचं निसटेल.

एक सावधगिरी. ‘बेडरूम’ तीन आहेत. पहिल्या चित्राला पाण्याचा उपद्रव झाला म्हणून सप्टेंबर 1889 मध्ये त्याने त्याच आकाराची दुसरी प्रत केली, ती शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. आई आणि बहिणीसाठी केलेली लहान प्रत पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. तिन्हींत पलंगाच्या वर टांगलेली व्यक्तिचित्रं सारखी नाहीत. ‘सूर्यफुलं’सुद्धा अशीच अनेक आहेत. त्यामुळे वहीत चित्राच्या नावाखाली संग्रहालय आणि वर्ष लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

६. दंतकथा वेगळ्या पानावर काढा

चित्रकारांच्या चरित्रांत ऐकीव गोष्टी फार. वहीचं एक पान त्यांच्यासाठी ठेवा आणि जे ऐकलं त्यासमोर जे सापडलं ते लिहा.

‘आयुष्यात त्याचं एकच चित्र विकलं गेलं.’ ‘लाल द्राक्षमळा’ हे चित्र 1890 मध्ये ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात 400 फ्रँकला विकलं गेलं, हे खरं. पण 1882 मध्येच त्याच्या काकांनी हेगच्या दृश्यांची रेखाटनं पैसे देऊन करून घेतली होती, म्हणजे ती कमाईची पहिली वेळ नव्हती. आणि तो द्राक्षमळा घेतला कुणी? अ‍ॅना बॉक या बेल्जियन चित्रकर्तीने. तिचा भाऊ यूजीन बॉक व्हिन्सेंटचा मित्र होता. ‘बेडरूम’मध्ये पलंगाच्या वर टांगलेल्या दोन व्यक्तिचित्रांपैकी एक त्याचंच आहे.

‘गव्हाच्या शेतावरचे कावळे हे शेवटचं चित्र.’ ते जुलै 1890 मधलं आहे, पण त्यानंतरही त्याने चित्रं केली. अभ्यासक आता ‘झाडाची मुळं’ हे अपुरं चित्र शेवटचं मानतात.

‘वेडाच्या भरात रंगवायचा.’ ही दंतकथा मला सगळ्यात जास्त छळते. आजारपणाचे झटके येत तेव्हा त्याच्याकडून सहसा काम होत नसे. जी चित्रं आपण बघतो ती बहुतेक बरं असतानाची, विचारपूर्वक केलेली आहेत. पत्रांत रंगांच्या जोड्यांचा, कागदाचा, कॅनव्हासच्या मापांचा इतका बारीक हिशोब आहे की पाच-सात पत्रं वाचली की ही समजूत गळून पडते.

आणि हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं कसं, तेही त्याच पानावर लिहा. व्हिन्सेंटनंतर सहा महिन्यांत थिओही गेला. त्याची बायको योहाना तान्ह्या मुलासह मागे राहिली. तिने चित्रं सांभाळली, प्रदर्शनं भरवली, पत्रं लावली आणि 1914 मध्ये ती प्रसिद्ध केली. ती नसती तर वर लिहिलेला एकही टप्पा शक्य झाला नसता.

७. शैली म्हणजे काय, ते दोन चित्रं शेजारी ठेवून बघा

‘बटाटे खाणारे’ (1885, न्यूनेन) आणि ‘बेडरूम’ शेजारी शेजारी उघडा. मधे साडेतीन वर्षंही नाहीत. पहिल्यातल्या माणसांचा रंग धुळीने माखलेल्या, न सोललेल्या बटाट्यासारखा असावा, असं त्याने स्वतः लिहिलं होतं. आता चार प्रश्न विचारा: उजेड कुठून येतो? बाह्यरेषा आहे की नाही? काळा आणि तपकिरी किती? फटकारा दिसतो की मिसळून टाकलाय? उत्तरं दोन रकान्यांत लिहा. तुमचे दोन रकाने वेगळे का आले, त्याचं कारण तक्त्यात मधल्या ओळीवर आहे: पॅरिस. तिथे त्याने इम्प्रेशनिस्टांची उजळ रंगांची चित्रं पाहिली. इथपर्यंत आलात की मग इम्प्रेशनिझमवरचं प्रकरण वाचा. आता ते समजेल.

८. शेजाऱ्याकडे जा, मग अमेरिकेला

दुसरा चित्रकार यादीतून निवडू नका. पहिल्याच्या वहीतला एखादा धागा धरा. मी जपानी छापचित्रांचा धरला. व्हॅन गॉगने 1887 मध्ये हिरोशिगेच्या दोन छापचित्रांवरून तैलचित्रं केली होती. त्याच छापचित्रांचं वेड पॅरिसमधल्या आणखी कुणाला होतं, हे शोधताना मेरी कॅसेट (1844–1926) सापडली.

ही पेनसिल्व्हेनियातली, फिलाडेल्फियात शिकलेली आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेली अमेरिकन. देगाच्या आमंत्रणावरून ती इम्प्रेशनिस्टांमध्ये आली आणि 1879 च्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. 1890 मध्ये पॅरिसला जपानी छापचित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. ते पाहून तिने दहा रंगीत छापचित्रांचा संच केला. त्यातलं ‘पत्र’ बघा: बाई पाकीट चिकटवतेय, मागे फुलापानांचा भिंतकागद, सावल्या जवळजवळ नाहीतच. ‘बेडरूम’वर अर्धा तास घालवलेल्याला हे चित्र लगेच ओळखीचं वाटतं. आई आणि मुलांची चित्रं काढणारी बाई एवढीच तिची ओळख बऱ्याच ठिकाणी दिलेली असते, तेवढ्यावर थांबू नका.

तिथून एडवर्ड हॉपर (1882–1967). तोही तरुणपणी 1906 ते 1910 दरम्यान तीनदा पॅरिसला राहून आला होता. ‘नाइटहॉक्स’ (1942, शिकागो) घ्या आणि तोच अर्ध्या तासाचा खेळ लावा. एक इशारा देऊन ठेवते: त्या खाणावळीत शिरायला रस्त्यावरून दार कुठे आहे, ते शोधा. जशी व्हॅन गॉगची पत्रं, तशी हॉपरची वहीखाती आहेत. प्रत्येक चित्राचं छोटं रेखाटन तो काढायचा आणि त्याची बायको जोसेफिन, स्वतः चित्रकार, शेजारी तपशील लिहायची.

मोफत प्रतिमांसाठी न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय, शिकागोची आर्ट इन्स्टिट्यूट, वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी आणि अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम ही चार संकेतस्थळं पुरेशी आहेत. राइक्सम्युझियमने रेम्ब्राँटच्या ‘नाइट वॉच’ची 717 गिगापिक्सेलची, म्हणजे 717 अब्ज ठिपक्यांची, प्रतिमा ठेवली आहे, त्यात रंगाला गेलेल्या भेगासुद्धा दिसतात. हॉपरसारख्या अलीकडच्या चित्रकारांच्या प्रतिमा मात्र छापण्याआधी परवानगी तपासा.

९. प्रत्यक्ष बघायला जाताना

परदेशी जाईपर्यंत थांबू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं आहेत. बडोद्याला सयाजीबागेतल्या संग्रहालयात महाराजा सयाजीराव गायकवाडांनी जमवलेली आहेत. पहिल्या महायुद्धामुळे ती विलायतेत अडकून पडली आणि चित्रदालन 1921 मध्ये खुलं झालं. इथे एखादं नामवंत चित्र शोधायला जाऊ नका. तैलरंगाचा थर, वॉर्निशची चकाकी आणि जुन्या कॅनव्हासच्या भेगा म्हणजे काय, ते बघायला जा.

लेबल नीट वाचा. ‘अ‍ॅट्रिब्यूटेड टू’ म्हणजे त्याचं असावं असा अंदाज. ‘वर्कशॉप ऑफ’ म्हणजे त्याच्या कारखान्यातलं, शिष्यांच्या हातचं असू शकतं. ‘फॉलोअर ऑफ’ म्हणजे त्याच्या वळणाचं, दुसऱ्याचं. ‘आफ्टर’ म्हणजे त्याच्या चित्रावरून केलेली नक्कल.

नेदरलँड्सला जाणं झालंच तर व्हॅन गॉग म्युझियमचं तिकीट आधी ऑनलाइन काढा, ते प्रवेशाच्या वेळेसह मिळतं. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, पण वेळ त्यांचीही आरक्षित करावी लागते, आणि वयाचा पुरावा जवळ असू द्या. पाठीवरची मोठी सॅक आत नेता येत नाही. नेदरलँड्समधल्याच ओटर्लो गावचं क्रोलर-म्युलर संग्रहालय चुकवू नका. व्हॅन गॉगचा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा संग्रह तिथे आहे आणि गर्दी कमी असते. ते राष्ट्रीय उद्यानाच्या आत असल्यामुळे उद्यानाचं आणि संग्रहालयाचं अशी दोन तिकिटं लागतात आणि सोमवारी ते बंद असतं. पॅरिसचं ओर्सेही सोमवारी बंद, लूव्र मंगळवारी. लंडनच्या नॅशनल गॅलरीत कायमचा संग्रह मोफत बघता येतो, तिथे ‘सूर्यफुलं’ आहेत.

आत गेल्यावर वहीतून पाच चित्रं आधीच ठरवलेली असू द्या आणि तेवढीच बघा. प्रत्येकासमोर आधी चार पावलं मागे उभे राहा, मग हातभर अंतरावर या, आणि शेवटी बाजूने तिरकं बघा. दालनातल्या दिव्याचा उजेड आडवा पडला की रंगाचे उंचवटे दिसतात. ‘सूर्यफुलां’समोर हे जरूर करा. मधल्या बियांवर रंगाचे टोकदार खडबडीत ठिपके आहेत, ते कुठल्याच छापील प्रतीत मला कधी दिसले नव्हते.